पहिली ओळ म्हणजे नाव

वसमतला, मोंढ्याच्या मागं,
पॉलिशच्या ड्रमचा आवाज दिवसभर भिंतीतून येतो,
त्या खोलीत बसून मी
सुलभाताई कऱ्हाळ्यांची वही त्यांच्या टपालाला जोडून दिली.

वही म्हणजे मोबाइलमधली.
हात हळदीचे, म्हणून ताई लिहीत नाहीत, बोलतात;
बोललेलं उमटतं.
टपाल म्हणजे ते सॉफ्टवेअर,
जे एका दमात अकराशे चाळीस जणांना
'प्रिय' म्हणू शकतं.

मधे एक नियम बसवला, इंजिनच्या पट्ट्यासारखा:
नोंदीवर 'गिऱ्हाईक' अशी खूण पडली
की पहिली ओळ उचलायची, नावाच्या जागी ठेवायची,
सकाळी नऊला पाठवायचं.
चार वेळा तपासलं.
चारही वेळा नोंदी माझ्याच होत्या,
आणि मी पहिल्या ओळीत नावच लिहितो.
शाळेत तसंच शिकवलंय.

"ताई, आता तुम्ही फक्त बोलायचं."
"अन् पुढं?"
"पुढचं आपोआप जातंय."
"आपोआप तर दूधबी उतू जातंय," म्हणाल्या,
आणि कढईखालचा जाळ बघायला गेल्या.

मंगळवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी नागपूरहून फोन.
'प्रिय मोठ्या कुंकवाची,
यंदाची सेलम कांडी दळून तयार आहे.'
मग पुण्याहून.
'प्रिय भाव केल्याशिवाय झोप न येणारे,'
'प्रिय मास्तर, ते न्हाई, दुसरे, तोतरे,'
'प्रिय सुनेच्या नावावर मागवून स्वतः फोडणारी,'

ताईंना माणसं नावानं ठाऊकच नव्हती.
नावं पार्सलवर चिकटवायला असतात,
ती पोरगं चिकटवतं.

माझे कान तापले. नियम बंद केला.
पण चाड्यातून सुटलेलं बी
वेचून परत मुठीत येत नाही.
मास्तरांनी पूर्ण वाक्यांत, विरामचिन्हांसह,
आपली मागणी रद्द केली.
पुणेकरांनी पाच किलो घेतली. भाव केला.

दुपारी लाईट गेली, ड्रम थांबला,
आणि त्या शांततेत चिपळूणहून उत्तर आलं.
त्यांना गेलं होतं:
'प्रिय नवरा गेला तरी चार किलोच मागवणारी.'
ते उघडायला मला अर्धा तास लागला.

"चारच लागते. दोन मी शेजारी देते.
त्यांना वाटतं माझ्या माहेराहून येते.
माहेरी आता कुणी नाही,
पण हे तुम्ही त्यांना कळवू नका."
खाली नाव: सुमन खातू.

ताईंनी दोनदा वाचायला लावलं.
मग वही तोंडाजवळ धरून, फोनवर बोलावं तसं मोठ्यानं:
"खातूबाई. पाच किलो. वरची एक आपल्याकडून.
पिशवीवर दुकानाचं नाव टाकायचं न्हाई."
माझ्याकडं वळून:
"ह्याला खूण करू नको रे."

आता मधे एक थांबा घातलाय.
नोंद येते, अडते, विचारते: पाठवू?
ताई चष्मा लावतात, ओठ हलवत वाचतात,
कधी म्हणतात, राहू दे, तिच्या घरी आजारपण आहे.
नाहीतर अंगठा दाबतात.
काचेवर पिवळा ठसा राहतो,
मी तो पुसत नाही, पुसून जातही नाही.

त्या मंगळवारी मलाही एक मेल गेला होता.
माझ्या पत्त्यावर ताईंची नोंद असेल
हे डोक्यातच आलं नाही.
तीन दिवसांनी सापडला:
'प्रिय पैसे मागायला लाजणारा,
यंदाची सेलम कांडी दळून तयार आहे.'

तळाला बारीक अक्षरांत, मीच घातलेली ओळ:
असे मेल नको असल्यास इथे दाबा.

दाबलं नाही.
दोन हजार अजून यायचेत.
उद्या जातो. उद्या नाहीतर परवा.