सतरा नंबर

पुण्याहून आलेला माणूस चिमट्यानं कागद धरतो,
भिंगातून बघतो. ठिपके, नुसते ठिपके.
"जांभळी माती! हाच तो.
बंडा रेठरेकर, आल्याच्या गोळीबरोबरचा."

जांभळी होणारच.
पिवळ्या शाईचा डबा त्या दिवशी
कोल्हापूरच्या एस्टीत राहिला,
आणि शेटे म्हणाले, मशीन थांबवू नका, जत्रा तोंडावर आहे.
लाल पडला, निळा पडला, काळा पडला.
पैलवान निघाला गुलाबी, न्हाऊ घातलेल्या बाळासारखा.
दोनशे शीट झाले, तेव्हा शेट्यांनी चष्मा लावला.

सगळे बंबात गेले.
एक अब्बांनी काखेत मारला, माझ्या भूगोलाला कव्हर.
अख्खी पाचवी मी सोळा पैलवान छातीशी धरून
मिरजेच्या किल्ल्याकडनं शाळेत गेले.
पंधरा पुढं वाळवीनं नेले.

"फक्त हे लेबल," माणूस म्हणतो,
"नेमकं मांडीवर आलंय. वाफेवर सुटेल.
मग अकरा हजार."

अब्बा शाळेत गेले नव्हते.
अक्षरं त्यांना उलटीच ओळखू यायची, खिळ्यांतली.
सुलटी दिसली की बावरायचे.
जेवणाच्या सुट्टीत, भाकरी तशीच ठेवून,
जुळवली होती त्यांनी एक ओळ:
बिल्किस इलाही मुजावर, पाचवी ब.
एकच प्रत काढली
आणि खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकले.

आत चहा उकळतोय.
वाफ आहे, पाहिजे तेवढी.
मी उठून गॅस बारीक करते,
आणि विचारते, साखर किती?