नंबर नऊ

व्हाउचरवर मी ‘स्टेशनरी’ लिहिते.
दर वर्षी शिगम्याआधी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
चामड्याच्या वहाणांचा एक जोड, नंबर नऊ.
बिल टाचलेलं असतं. लेखा विभागातले फोंडू कामत
कधी विचारत नाहीत.
त्यांच्याही मनगटावर भिरंडीचा डाग आहे,
मोहरीएवढा, धुऊन न जाणारा.

सात होतो आम्ही.
ग्रंथालयाच्या तळघरात, कायदा आणि पोर्तुगीज दप्तरं
यांच्या मधल्या बोळात.
विद्यापीठ नंतरचं, वाट आधीची.
बेलार्मिननं ती शोधली, जुन्या नकाशावर
बोंडूचा डाग पडला होता त्याच्या कडेकडेनं.
म्हणाला, राखणदाराला चिऱ्यांची भिंत कळत नाही.
तो शिवेवरून चालतो. कपाटं आपण मध्ये ठेवलीत.

मग पोदेराकडची कोंड्याची पोळी, सुराची बाटली,
एक विडी, काडेपेटी.
सकाळी विडी अर्धी जळालेली.
आम्ही हसलो. प्रत्येकाला वाटलं,
दुसरा कोणीतरी येऊन गेला रात्री.

पहिल्यांदा मागितली प्रश्नपत्रिका.
लाज वाटते, पण खरं आहे. राज्यशास्त्र, पेपर तिसरा.
मिळाली. कागदाला कोंड्याचा वास होता.
मग कुणी नोकरी, कुणी एका मुलीचं पत्र.
वहीत भिरंडीच्या रसानं सही करायची, बस्स.
शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचण्याइतकी पोर्तुगीज
फक्त बेलार्मिनला येत होती.
तो बोलला नाही.

त्यानं भाऊ मागितला, जुवारीत गेलेला.

भाऊ आता आगशीला असतो, टॅक्सी चालवतो.
आपण बुडालो होतो हे त्याला ठाऊक नाही,
फक्त पुलावर काचा वर करतो, का ते सांगता येत नाही.
मी एकदा त्यांच्या घरी गेले.
आईनं सोलकढी दिली. म्हणाली,
मला हा एकच मुलगा.
भिंतीवर दोन खिळे होते.

काल जुना जोड उचलला.
तळवे पानाएवढे पातळ,
डावी टाच जास्त झिजलेली. कधीपासून लंगडतोयस?
अठ्ठावीस वर्षं, रोज रात्री, सगळं पठार,
वसतिगृहाच्या मागून, कुलगुरूंच्या बंगल्यातून आरपार.

आज फोंडूंनी पहिल्यांदाच बिलावर बोट ठेवलं.
“बाई, यंदा नंबर पाच?”
मी माझे पाय टेबलाखाली ओढून घेतले.
म्हटलं, स्टेशनरीच आहे. सही करा.