बोपोडीतला चर

सकाळी नऊला पालिकेनं आमच्या दाराशी खणायला घेतलं.
पाण्याची लाईन, की गॅसची.
बोर्डावर नगरसेवकाचा फोटो होता, कारण नव्हतं.
जेसीबी गल्लीत शिरेना, म्हणून यादगीरची चार पोरं आली
कुदळी घेऊन.
मी खुर्ची बाहेर काढली.
नातसून म्हणाली, धूळ आहे, आजोबा.
असू दे म्हटलं.

माती अगदी काठावर टाकत होते.
दहा मिनिटं मी बोललो नाही.
मग उठलो.
अरे, हातभर लांब टाक.
काठावरची माती परत आत येते,
आणि येताना एकटी येत नाही.
निंगप्पा हसला.
त्याला मराठी अर्धं येतं, हसू पूर्ण येतं.

फौजेत ह्याला मोर्चा म्हणायचे.
बेळगावच्या सेंटरला उस्ताद ओरडला, मोर्चा खोदो!
आणि आमच्यातला येसाजी धुमाळ,
बापाच्या खांद्यावर बसून गिरणीच्या संपात फिरलेला,
विचारून बसला : कुणाविरुद्ध, उस्ताद?
मैदानाला चौदा फेऱ्या.
उत्तर काही कुणी दिलं नाही.

उभ्या माणसाच्या छातीपर्यंत खणायचं.
माप म्हणजे आपलीच छाती.
धुमाळ बुटका, त्याचा मोर्चा तेवढाच खोल.
एका रात्री पाळी बदलून
त्याच्या जागी लाड उभा राहिला.
लाड सहा फुटी.
बाकी फाइलीत आहे.

एकाहत्तरचा डिसेंबर.
गहू चार बोटं वर आलेला, कुणाचातरी.
मी मुळशीचा, भातातला.
कुदळ मारताना ओळ चुकवायला बघायचो.
सुभेदार म्हणाला, खैरे, पेरायला आलायस का?

दुसऱ्या रात्री तळाला पाणी लागलं.
कोमट.
आम्ही खुशीत पाय सोडले त्यात.
चौथ्या दिवशी बूट निघेनात.
पाय भिजल्या पिठासारखे पांढरे,
बोट दाबलं की खळगा तसाच.

आणि समोर, शिसमाच्या ओळीपलीकडे, एक जण खोकायचा.
रोज पहाटे, तीनच्या सुमाराला.
खोल, ओला खोकला, घरातल्या थोरल्या माणसाचा असतो तसा.
धुमाळ पुटपुटायचा, ह्याला कुणीतरी अडुळसा द्या रे.
त्याच्यावरच आम्ही पाळी बदलायचो,
घड्याळाची काच कधीच फुटली होती.

मग एकदा आमच्या तोफा चालल्या, दीड तास.
त्या पहाटे पाळी बदलायची वेळ कुणाला कळलीच नाही.
मी उजाडेपर्यंत उभा.
धुमाळ जागाच होता.
त्यानंही विचारलं नाही.

पुढे पेन्शन, मग कॅम्पातल्या एटीएमच्या खोक्यात अकरा वर्षं,
साडेतीन फूट रुंद, पण कोरडं.
थकबाकीसाठी कलेक्टर कचेरीवर एकदा मोर्चाही नेला.
चालत गेलो, भर उन्हात, ताठ उभे,
सगळ्यांना दिसत.
अख्खा रस्ता मान आत ओढत होतो.

दुपारी पोरं भाकरी खायला चरातच बसली, गार म्हणून.
निंगप्पानं हात पुढे केला, येता का, अज्जा?
पंच्याहत्तरीचा माणूस. दोघांनी धरून उतरवलं.
आत मुरूम, एक खापरी नळ, गुटख्याची पुडी, ओल.
वर रिक्षाची चाकं,
शाळेतून येणाऱ्या कुण्या मुलीची सुटलेली नाडी.
काठ माझ्या हनुवटीला लागला.
जास्त खणलंत, म्हटलं.
निंगप्पानं दोरी लावून दाखवली. चार फूट, बरोबर.
म्हणजे चर नाही, मीच खाली आलोय.

रात्री जाग आली.
चरावर दोन फळ्या टाकलेल्या,
पोरं पलीकडे ताडपत्रीखाली.
भिंतीवर तीनला पाच कमी.
मी कान देऊन पडून राहिलो.

ताडपत्रीखालून कुणीतरी खोकलं.
कूस बदलली असावी, परत खोकलं.

मग मला झोप लागली.