तोतया

भातानंतरच्या तासात काय होतं
ते तोकुजीच्या वहीत आहे, लाल शाईत.
दोनशे चौदा. दोनशे सहा.
नातवाच्या बारशाला गुपचूप खाल्लेल्या दोन मोचींचा आकडा
त्याने खोडलाय.
मला वाचता येतो.

म्हणून मी पाणी ठेवते.
तुतीच्या पानांची पूड, चमचाभर,
पहिल्या घासाच्या आधी.
नंतर प्यायलं तर नुसतं गवताचं पाणी,
डॉक्टर हागिवारा म्हणाल्या.
गोळ्या बंद करायच्या नाहीत, असंही म्हणाल्या,
दोनदा, माझ्याकडे बघत.

कागदावर त्यांनी कात्री काढली.
आतड्यात ही भाताचे तुकडे करते, साखर सुटते.
पानात एक असतो, हुबेहूब साखरेसारखा.
तो पात्यांत जाऊन अडकून बसतो,
कात्री त्याच्याशीच झटत राहते,
आणि खरी साखर रक्तात येते
रांगेतून, एकेक.
"तोतया!" तोकुजी खूश.
न कातरलेला भात पुढे कुठे जातो
ते रात्री पांघरुणाखाली मला ऐकू येतं.

शिमोनितात आमच्या माडीवर
किडे म्हणायची सोय नव्हती.
ओकाइको-सामा. त्यांचं जेवण आधी, आमचं मागून.
मी नवी नवरी, पहाटे तीनला पानं तोडायची,
दवाचं पान चालत नसे,
एकेक पुसायची पदराने नाही, सासऱ्यांच्या जुन्या शर्टाने.
घराचे पत्रे, नणंदेची फी, माझे पुढचे दोन दात,
सगळं त्यांच्या तोंडातून निघालं.
आणि आम्ही त्यांना उकळत्या पाण्यात सोडत होतो.

दुसरी कुठली अळी हे पान खाईल
तर खंगते, डॉक्टर म्हणाल्या,
तोतया तिला पुरून उरतो.
आमच्या अळ्यांना तेवढा तो पचतो.
हे कोणी तेव्हा सांगायला हवं होतं.
मी त्यांना लाडावलेल्या समजत होते.

मग कोष घेणारं कोणी उरलं नाही.
तुती उपटली, कोन्याकू लावला.
न्हाणीमागचं एक झाड राहिलं.
खोड निघेना, असं तोकुजी सांगतो.
कुऱ्हाडीचा एकही घाव नाहीये त्यावर.

तास झाला. बोट दे.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
तो काही बोलत नाही,
खणात निळं पेन शोधतोय.