शेऱ्याचा रकाना

रज्जबअली फोटो वजनावर विकतो.
लग्नं, मुंजी, गिरणीतले सत्कार, कुणाची तरी क्रिकेट टीम,
आणि त्या ढिगात, शुक्रवार चांगला असेल तर,
एखादा पंख.

चाळीस वर्षं मी गिरगावात प्रुफं तपासली.
पहिली वेलांटी की दुसरी, एवढ्यावर घर चाललं.
केर्सी म्हणतो, म्हणूनच तुला जमतं हे:
पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ,
फरक ऱ्हस्व-दीर्घाचाच.
चाकाचा दांडा वर कुठे जाऊन टेकतो
तेवढं बघायचं.

मालकम बागेत, त्याच्या जेवणाच्या टेबलावर,
दोन भिंगं, एक दिवा, लाल कापडी पुठ्ठ्याची वही.
डोक्यावरून दर दोन मिनिटांनी एक जातं,
कपाटातल्या बश्या किणकिणतात.
आम्ही मान वर करत नाही.
‘बस आहेत त्या,’ केर्सी म्हणतो. ‘बस.’

हा फोटो अकरा महिने अडून बसला.
मागे पेन्सिलीने: जुहू, अडतीस.
समोर नुसती शेपूट.
बाकीचं विमान कुणीतरी कात्रीने नेलेलं,
बहुधा त्याच्यापुढे उभ्या असलेल्या नातेवाइकासकट.
अंगावर व्हीटी, मग एक आडवी रेघ,
मग एक मुलगा.

दहा-अकराचा. अनवाणी.
शेपटीवर पालथा, दोन्ही हातांनी तिला कवटाळून,
नेमका अक्षरांवर.
फार शिव्या खाल्ल्या त्याने आमच्या.
‘जरा सरक की रे,’ केर्सी भिंगात तोंड घालून म्हणायचा.
वहीत तीन नावं लिहिली, तिन्ही खोडली.
एकाचं सुकाणू जास्त गोल,
एक लाकडी, आणि हे तर कापडाचं,
आतल्या फासळ्या दिसतात
उन्हात धरलेल्या पतंगासारख्या.
तिसरं का खोडलं ते आता आठवत नाही.

मग एका शनिवारी
मी विमान सोडून मुलाचा सदरा बघत बसलो.
सवय. ओळ समजेना की मी समास बघतो.
सदरा भाकरीसारखा टम्म फुगलेला.
आणि मागे, मैदानाच्या कडेला,
काठीवरचा वाऱ्याचा मोजा
वाळत घातल्यासारखा लोंबतोय.

म्हणजे वारा नव्हता त्या दिवशी.
मग सदऱ्यात कोण शिरलं होतं?

गवत बघितलं.
शेपटीच्या डावीकडे एक पट्टा निजलेला,
उजवीकडे एक. मधलं उभं.

केर्सीने कप बशीत न बघता ठेवला, तो कलंडला.
‘दोन इंजिनं,’ तो म्हणाला,
शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं.
‘मोनोस्पार. सालं मोनोस्पार.
दोन पॉबजॉय, एवढीएवढीशी,
शिवणयंत्रासारखी वाजत असणार.’

आणि पोरगं?
इंजिन जोरात घेऊन बघायचं असलं
की शेपूट वर उठते, केर्सीने सांगितलं,
वजन ठेवावं लागतं काहीतरी.
रेतीची गोणी कुणी शोधायची.

त्याने वही ओढली.
जात: मोनोस्पार. स्थळ: जुहू.
अक्षरं: व्हीटी, पुढची झाकलेली.
शेऱ्याचा रकाना मी मागून घेतला.
लिहिलं: ‘शेपटीवर एक मुलगा.
डोळे घट्ट मिटलेले. वजन अंदाजे पंचवीस शेर.’

‘शेरा यंत्राबद्दल असतो, केळुसकर.’

मी म्हटलं, यंत्राबद्दलच आहे.

तो काही बोलला नाही.
भिंग घेतलं, बराच वेळ वाकून राहिला,
वरून एक गेलं, बश्या किणकिणल्या.
मग खोडरबर शोधलं,
पंचवीस पुसून सत्तावीस केलं.
‘हाडं रुंद आहेत,’ म्हणाला.

पंखा चारवर होता.
फोटोची कड सारखी उचलत होती.
त्याने तिच्यावर कोपर टेकवलं
आणि दुसऱ्या हाताने पुढचा मागितला.