दुधाचे हात

हुक्केरी बाई ब्लेडनं
तंबाखूचं फूल उभं चिरतात.
पाच पुंकेसर, मधे एकटी कुक्षी.
"पराग कन्नडातही परागच," म्हणतात
आणि फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहितात.

निपाणीबाहेर, पाच्छापुरेंच्या रानात
आई शेंडे खुडते.
गुलाबी दिसलं की मोडायचं,
पान जाड व्हावं म्हणून.
बांधाकडची चार झाडं तेवढी
डोक्याला मलमलची पिशवी बांधून
बियांसाठी राखलेली.

यंदा पानं चट्ट्यापट्ट्यांची झाली.
बाई म्हणाल्या, विषाणू.
जिवंत म्हणावा तर श्वास नाही,
मेलेला म्हणावा तर पेशीत शिरून
तिच्याकडूनच स्वतःच्या नकला काढून घेतो.
वाळल्या पानात वर्षानुवर्षं थांबतो.
या झाडावरून त्या झाडावर
हातांनी जातो.

घरी सांगितलं.
आई नखांकडे बघत राहिली,
चिकानं काळी पडलेली.
हात दुधात बुडवून खुडायचं, मी म्हटलं.
"दूध? च्याला तरी पुरतंय काय गं?"

सकाळी तिनं कोरा च्या घेतला.
वाटीवर फडकं बांधून रानात गेली,
बोटं बुडवली,
आणि आधी
पिशव्या घातलेल्या त्या चार झाडांकडं वळली.