रफार

डी.पी. रोडच्या लॉनवर दहाला स्पीकर बंद झाला
आणि नदीकडून गार, कुजकट वास आला.
वऱ्हाड आइस्क्रीमच्या रांगेत.
गोडांबे सर तिपाईचे पाय मातीत रोवतात,
म्हणतात, चल, उभा राहा नवरीच्या जागी.
मी राहतो. बारा सेकंद. श्वाससुद्धा बेताचा.
पडद्यावर मी येतो, काळा शर्ट, काळी पँट, नाकडोळे स्पष्ट.
फोकस बरोबर आहे, म्हणतात सर,
आणि मला खोडून टाकतात.

अकरा वर्षं हेच काम.
रविवार पेठेतून दिवाळीच्या उरलेल्या फुलबाज्या आणायच्या,
हातभर लांब, तारेच्या,
चार तरी सर्दाळलेल्या निघणार हे धरून.
जोडप्यामागे दुधाच्या क्रेटवर चढायचं
आणि त्यांच्या डोक्यावर, अंधारावर, नाव लिहायचं.
उलटं. माझ्या उजवीकडून.
पहिल्या वर्षी सर म्हणाले होते, सरळच लिही, फोटो फिरवू.
फिरवला. पदर उजव्या खांद्यावर गेला
आणि कोथरूडच्या एका आजींनी अल्बम परत पाठवला.
तेव्हापासून मी आरशातला.

इंग्रजीत लिहिणारे म्हणे दर अक्षरानंतर
फुलबाजी पाठीमागे लपवतात.
आपल्याला ती कटकट नाही.
शेवटी एक रेघ ओढली की सगळी लटकतात,
दोरीवरच्या कपड्यांसारखी.
मग उडी. शालूमागे दबकून बसायचं,
कारण बाराव्या सेकंदाला फ्लॅश
आणि फ्लॅश कुणाला सोडत नाही.
त्याआधी कितीही नाचा,
हलणारा माणूस फोटोत उमटत नाही.

मिहीर एका दमात निघाला.
मग शर्वाणी.
श, वा, णी, रेघ, उडी, लख्ख.
सगळे पडद्यावर वाकले
आणि तिची मावशी म्हणाली, अगं बाई,
शवाणी?
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले, नवरीची आई सोडून.

रफार राहिला होता.
रफार रेघेनंतर येतो,
तोवर तार विझत आलेली असते आणि अंगठा भाजत.
पुन्हा लिहिलं. रफार दिला, णीवर पडला.
सर काही बोलले नाहीत, म्हणजे रागावले.
फुलबाज्या उरल्या तीन.

दादा, नवरी म्हणाली, तुम्ही रेघेपर्यंत या.
पुढचं माझ्याकडे.
चौथीपर्यंत मीही विसरायचे,
बाई दर वेळी अर्धा मार्क कापायच्या.
म्हटलं, ताई, उलटा द्यावा लागेल.
तिनं बोटानं हवेत काढून दाखवला,
एकदा सरळ, एकदा उलटा,
पोळी परतावी तसा.

आचाऱ्याच्या शेगडीवर दोन्ही एकदम पेटवल्या.
तिसरी पेटलीच नाही.

रेघ ओढून उडी मारली तेव्हा मागून दिसलं:
तिचा हात वर गेला,
हिरव्या चुड्यावर ठिणग्या पडत होत्या
आणि तेवढा हात सोडून
ती कुठेच हलली नाही.
मिहीर मात्र शिंकला.

लख्ख.

हात खाली घ्यायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं,
त्यामुळे फोटोत तो वरच आहे,
स्टुलावर चढून बल्ब बसवताना असतो तसा.
रफार जरा मोठा झालाय, झाडाच्या फांदीला लागलाय.
मावशीनं तीन प्रती मागवल्या.

महिन्याभरानं सर तोच फोटो मोठा करून बघत होते.
खाली कोपऱ्यात, शालूच्या काठाबाहेर
पांढरं काहीतरी, वळवळतं.
हे काय रे, म्हणाले, काढून टाकतो.
माझ्या बुटाची लेस. सुटलेली.
मी म्हटलं, राहू दे ना सर,
गवतात काय, कुणाला कळतंय.